अठरा नाणी

मरोळच्या गाळ्यात, लिफ्ट बंद असलेल्या तिसऱ्या मजल्यावर,
मी कधीच न ओढलेल्या धुराचं वजन ठरवते.

ही वस्तू इथे विकता येत नाही. कायदाच आहे.
म्हणून आम्ही नुसतं तिचं अंग बनवतो,
पोकळ, निळसर राखाडी, पॉलिशपेपरचा वास येणारं,
आणि ते कुरियरने अशा देशात जातं
जिथली माणसं खिशात हात घालून थंडीत उभी असतात,
असं मी आपलं धरून चालते.

पोटात बॅटरी नाही. तिच्या जागी शिशाचे छर्रे,
तांदळासारखे निवडून सोनाराच्या काट्यावर तोललेले.
साठ ग्रॅमला लोक विचारतात, खेळणं आहे का?
दीडशेला शर्टाचा खिसा लोंबतो
आणि तासाभराने मनगट कुरकुरतं,
भाजीची पिशवी एकाच हातात आल्यासारखं.
शहाण्णववर मी थांबले.
पण शहाण्णव ठेवायचे कुठे?
वर भरले तर वस्तू पुढे झुकते,
कुणाच्या तरी पाया पडायला निघाल्यासारखी.
तळाशी भरले की तळव्यात बसते,
मांजर बसतं तशी. जागा विचारत नाही.

बटणाचं वेगळं.
त्याच्यासाठी माझ्याकडे जुनी पाचची नाणी आहेत, जाडजूड.
एकावर एक रचत जायची बटणाच्या डोक्यावर, श्वास धरून.
बाराला दबलं तर खिशात आपसूक पेटेल.
पंचविसाला दबलं तर अंगठा संध्याकाळी संपावर जाईल.
अठराव्याला
टिक.
खालच्या पॉवरप्रेसच्या धडधडीतही
तो टिक मला वेगळा ऐकू येतो.

मिस्किटा अंकलना मी हात म्हणून बोलावते.
महिन्यातून दोनदा, चहा आणि दोनशे रुपये.
चाळीस वर्षं टर्नर. निवृत्तीच्या आदल्या साली
उजवा अंगठा पेरापाशी मशीनला दिला.
‘दिला’ हे त्यांचं क्रियापद,
मी ‘गेला’ म्हटलं की दुरुस्त करतात.

त्यांनी वस्तू घेतली, उलटसुलट फिरवली.
अंगठ्याचं उरलेलं टोक बटणाकडे निघालं
आणि अर्ध्या वाटेत थांबलं.
मग तर्जनीच्या सांध्याने दाबून पाहिलं. घसरलं.
“पोरी, काटा तुझा बरोबर आहे.
पण बटण कुणाच्या घरी ठेवलंयस?”

बटण मी बारा मिलिमीटर खाली आणलं,
कडेवर घेतलं,
भोवती नखाएवढी वाटी कोरली,
अंधारात बोटाला बांध लागावा म्हणून.
पंधरा दिवसांनी साहेबांचं उत्तर आलं:
छान आहे, पण आमच्या गिऱ्हाइकांना अंगठे असतात.

नमुना फळीवर पडून राहिला, पुट्टीच्या डब्यामागे.
एका रविवारी मी छर्रे ओतून काढले,
आत सेल घातला, तोंडाशी पांढरा एलईडी.
त्यांच्या गावठाणात क्रुसाजवळचा दिवा
गणपतीपासून बंद आहे
आणि हे पहाटेच्या मिस्साला एकटे निघतात.

मी सांगितलं, पाच वेळा दाबलं की चालू.
“पाच कशाला?”
चुकून पेटू नये म्हणून, अंकल.
“टॉर्च आहे ना हा? चुकून पेटला तर काय बिघडलं?”
मला काही सुचलं नाही.
इतकी वर्षं मी चुकून पेटणाऱ्या गोष्टींचाच
विचार करत आले होते.
पाचाचं एकावर आणलं.

त्यांनी सांध्याने दाबलं.
भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, वाटोळा उजेड,
थोडा थरथरता.
वजन किती, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
छर्रे नसल्यामुळे जरा हलकाच झाला होता.

काल चहावाल्याला सुटे हवे होते,
दोन नाणी गेली.
आज सकाळपासून नवीन नमुन्यावर सोळाच रचतेय
आणि टिक होत नाहीये.
उद्या कुणाकडून तरी मागून आणते.