मचूळ

बुधाजी तारीला गिटार कुणी शिकवली नाही.
इंजिनं बापाने शिकवली, बापाला भुकेने.
आनंदवाडीच्या धक्क्यामागे, बर्फाच्या कारखान्याला चिकटून
पत्र्याच्या खोपीत तो होड्यांची इंजिनं खोलायचा,
एका सिलिंडरची, दमेकऱ्यासारखी,
टुक-टुटुक, टुक-टुटुक, एक पाय आखूड.
पुढे जन्मभर वाजवला तो ठेका हाच.
मी विचारलं होतं.

कॅसेट निघाली भंगारातल्या टेपच्या पोटातून.
कागद नाही, नाव नाही, एक बाजू चिकटलेली.
दुसऱ्या बाजूला कुणी म्हातारा, एक गिटार
आणि जमिनीवर पाय आपटल्याचा आवाज.
भाषा परकी, शब्द एक कळेना.
बुधाजी म्हणाला, "कोणतरी गेला हा,
आणि येवचा नाय. इतक्या कळता."
मग कुणी शहाण्याने सांगितलं, याला ब्लूज म्हणतात.
"म्हणांदेत," तो म्हणाला.

पहिली गिटार फणसाच्या फळीची.
जाड तारा स्कूटरच्या क्लच केबलमधून उसवलेल्या,
बारीक तारांना सुरमईचा तंगूस.
मासेमारी बंद असली, होड्या झापांखाली झोपल्या,
की तो पेन्सिलीने कॅसेट मागे फिरवी
सेल वाचवायला,
एकच ओळ, परत तीच ओळ,
शेजारची पोरं झोपेत ती बरळत.

विंचात बोट गेलं, करंगळीच्या शेजारचं, दोन पेरं.
बँडेज सुटलं तसं त्याने करंगळीत
इंजेक्टरची पितळी नळी चढवली
आणि तारांवरून घसरवली.
त्या दिवशी तो म्हातारा
खोपीत येऊन तेलाच्या डब्यावर बसला, असं तो सांगे.

नाव कमावलं म्हणावं, तर हे असं:
कणकवलीच्या ऑर्केस्ट्रात नऊ महिने.
मालक म्हणाला, सूर सरळ लाव बाबा, लग्न आहे.
आकाशवाणीच्या चाचणीचा फॉर्म,
प्रकार: शास्त्रीय, सुगम, लोक.
तिन्हींवर काट मारून याने लिहिलं, दुरुस्ती.
तारकर्लीला दोन हंगाम, लोक बांगडे खाताना.
आणि एकदा पणजीला, मोठ्या मंचावर, बारा मिनिटं.
सगळे उठून उभे राहिले.
परतीच्या गाडीत जागा नव्हती,
कुडाळपर्यंत हाही उभाच.
घरी रत्नप्रभा बर्फ फोडत होती.
वर न बघता म्हणाली, "टाळयो खंय ठेवलास?
आपल्याकडे फ्रीज नाय."
हे तो हसत सांगायचा. ती कधी हसली नाही.

मी भजनात पेटी वाजवतो. सा काळी एक.
तिथून दोन्ही गंधार शेजारी, पांढरी तीन, पांढरी चार,
मध्ये काळी पट्टीसुद्धा नाही, नख जाईल एवढी फट.
बुधाजी त्या फटीत राहायचा.
मी दोन्ही पट्ट्या एकदम दाबून बघितल्या, भांडण झालं नुसतं.
तो म्हणाला, "ह्यो सूर तुझ्या पेटयेत गावाचो नाय.
खाडयेत बघ. भरती वर चढता
आणि नदी खाली उतरता ना,
थयसरला पाणी चाखून बघ."
मी चाखलं. मचूळ.
गोड म्हणवेना, खारट म्हणवेना,
आणि थुंकवतही नव्हतं.

शेवटच्या वर्षी भाता शिवायला पेटी त्याच्याकडे दिली.
परत आली तेव्हा पांढरी तीन वेगळीच बोलली.
आत बघितलं तर पितळी जीभ टोकाशी घासलेली,
इंजिनवाल्याच्या बारीक कानशीने,
केसभर.

खोपीला आता कुलूप आहे.
टेप रत्नप्रभाकडे, ती लावत नाही, विकतही नाही.
मंडळी दर गुरुवारी म्हणतात,
बुवा, पेटी उतरली, सावंतवाडीला नेऊन आणा.
नेतो म्हणतो.
गजर चढतो, टाळ एकमेकांवर पडतात,
माझं बोट त्या पट्टीला टाळून जातं
आणि कधी कधी, मुद्दाम,
टाळत नाही.