रात्रीची सेटिंग

डेरेकच्या व्हॅनमधून हत्यारं गेली, त्या आठवड्यात
आम्हीही दारावर एक कॅमेरा लावला,
आणि पहिल्या रात्री त्यात दिसलं नुसतं दूध.
दाट, पांढरं. मधूनच एखादा पतंग
धूमकेतूसारखा आरपार.

स्विंडनची घड्याळं नुकतीच तासभर मागे गेलेली.
साडेचारलाच काळोख.
हृषीकेश रात्रपाळीला; घरात मी, निजलेली ओवी
आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले मामंजी,
ज्यांनी अंबाजोगाईत एकतीस वर्षं विजेचे खांब चढले.
ते म्हणाले, "तू चढ. मी शिडी धरतो."
हे वाक्य त्यांना किती जड गेलं असेल
हे मला वर चढताना सुचलं नाही.

भिंगाच्या पुढ्यातच कोळ्याचं जाळं.
कॅमेऱ्याचा तो न दिसणारा उजेड
जाळ्यावर आपटून त्याच्याच डोळ्यात परतत होता.
ओवीच्या जुन्या टूथब्रशने झाडलं.
पांढरी पन्हळही चमकत होती,
म्हणून कॅमेऱ्याची मान दोन बोटं खाली वाकवली.
मामंजी खालून म्हणाले,
"एवढा उजेड कशाला? कमी कर की.
जवळचं दिपतं, लांबचं मरतं."

मग मी फोन घेऊन खिडकीत
आणि ते बाहेर, हृषीकेशच्या कोटात, कानटोपी घालून,
फाटकापासून दारापर्यंत.

अवरक्त दिवे निम्म्यावर:
भिंत आली, गाडी आली, चेहरा नाही.
"मामंजी, परत एकदा."
शटर संथ केलं. सगळं लख्ख झालं,
कचऱ्याच्या डब्यावरचा आमचा आकडासुद्धा,
पण चालणारे मामंजी म्हणजे धूर.
"भूत झालात!" मी खिडकीतून ओरडले.
"अजून वेळ आहे," ते म्हणाले.
शटर जलद केलं तर काळंकुट्ट.
गेन वाढवला तर पडद्यावर रवा सांडल्यासारखे दाणे.
"परत एकदा. सावकाश नको, नेहमीसारखं चाला."
फेऱ्या मी मोजल्या नाहीत.
डेरेक पडदा सारून बघून गेला.

शेवटी सेकंदाचा तिसावा भाग,
दिवे चाळीस टक्के, गेन जरा खाली.
आणि आले. स्वच्छ.
कोटाचं लोंबतं बटणही दिसावं इतके स्वच्छ.

गाडीपाशी ते थांबतात.
बॉनेटवर हात. तोंड उघडं.
वाफेचे चार गोळे वर जातात, पाचवा अर्धाच.
खिडकीकडे बघतात, मी बघतेय का म्हणून.
मी फोनमध्ये.
खांदे सरळ करतात, आणि तिथून दारापर्यंत
अंबाजोगाईचा लाइनमन चालत येतो.

"आलं का नीट?"
"आलं."
"चेहरा?"
"चेहरासुद्धा."
"मग झालं," म्हणाले, आणि भिंतीला टेकून
बराच वेळ एक बूट काढत राहिले.

ते झोपल्यावर मी जुन्या फेऱ्या लावल्या.
दाण्यांमध्येही ते तिथेच थांबले होते.
धुराच्या फेरीत तर गाडीपाशी
धूर एकदम घट्ट झाला होता,
हाताची बोटंसुद्धा उमटली होती.
मी तेव्हा सेटिंगला दोष दिला होता.

सकाळी हृषीकेश आला.
"जमला का कॅमेरा?"
मी फोन त्याच्या हातात दिला.
बूट न काढता, दारातच उभा राहून त्याने पाहिलं.
मग दोन बोटांनी मोठं करून पुन्हा पाहिलं.
वर नळ वाजला, मग जिना,
एकेक पायरी, मध्ये एक थांबा,
जो रोजच असणार.

कानटोपी तशीच डोक्यावर.
आमच्या दोघांकडे बघून मामंजींनी विचारलं,
"काय रे, सापडला का चोर?"