दोन नंबरची मोटर

कानांवर हेडफोन. चिमटीत तांब्याच्या तारेचं वेटोळं,
अक्रोडाएवढं. ते मी लोखंडावर टेकवत फिरत होतो
वैद्यानं नाडी शोधावी तसा.
इमेरेतीतलं खाणगाव. दरीवरून जाणारा रोपवे.
वरच्या टोकाचं विंचघर, मँगनीजनं काळं पडलेलं,
खिडकीचं तावदानसुद्धा.

गिअरची खरखर नको होती मला,
दोराचं कण्हणं तर नकोच, ते सगळ्यांकडे आहे.
हवं होतं ते हवेला माहीतच नसलेलं,
तांब्यानं तांब्याच्या कानात सांगितलेलं.
दिग्दर्शक म्हणाला होता:
समुद्राच्या तळाशी कुणीतरी झोपेत कूस बदलतं,
त्याचा आवाज आण.

ट्रान्सफॉर्मर पन्नासच्या पाढ्यात हटून बसलेला.
ट्यूबलाइट, टाचणीनं काच खरवडावी तशी.
खिशातल्या माझ्याच फोनची मधूनच टरटर, तो बाहेर ठेवून आलो.
आणि दोन नंबरची मोटर:
निघताना खालून वर चढणारा एक ऊं,
जणू पोट धरून कुणी उठतंय.

नाझिब्रोला खटक्यापाशी बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होती.
एकतीस वर्षं तिथंच.
‘काय ऐकतोस?’
विजेचा आवाज, मी म्हणालो, एरवी तो ऐकू येत नाही.
‘कुणाला?’ ती म्हणाली.

मी हसलो. ती नाही हसली.
‘थांब. पाळणा सहाव्या खांबावर येईल आता.
सूर अर्धा बसेल. मग आत कुणीतरी टाचा घासेल.
दोनदा.’
सूर अर्धा बसला.
टाचा दोनदा घासल्या.
हेडफोन माझ्या कानांवर होते, तिच्या नव्हे.

तिनं कानामागचं यंत्र काढून तळहातावर ठेवलं.
मेणाचा डाग, कडेला इवलंसं बटण: एम आणि टी.
टी म्हणजे टेलिफोन. इथल्या काळ्या फोनसाठी करून घेतलेलं.
फोन उचलून नेला त्याला बारा वर्षं झाली,
बटण राहिलं.
‘टी केलं की माणसं बंद होतात.
मुकादम ओरडतो, नुसतं तोंड हलतं त्याचं.
ही तेवढी उरते.’

कुतायसीच्या डॉक्टरनं लिहून दिलं: कान वाजतात, वय.
झोपेची गोळी.
नवरा, बेसिको, म्हणायचा, मोटर कशी रडेल, तूच रडतेस.
एका मार्चमध्ये ती इंजिनिअरांना म्हणाली, हिच्यात
एक ठोका जास्त पडतोय.
त्यांनी तिला चहा पाजला.
नवव्या दिवशी वाइंडिंग जळालं,
रिकामा पाळणा दरीवर रात्रभर झुलत राहिला.
तुला कसं कळलं, हे
कुणीच विचारलं नाही. चौकशी समितीनंसुद्धा नाही.

मी हेडफोन दिले. तिनं डोळे मिटले,
बियांची टरफलं मांडीवरून खाली सांडली.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
‘तुझा आवाज स्वच्छ आहे.
माझ्यात ती जवळ असते.’

स्टुडिओत मी तो ऊं चौपट सावकाश केला,
दोन सप्तकं खाली ओढला,
टाचांचं घासणं उलटं फिरवून मागे ठेवलं.
समुद्राच्या तळाशी कुणीतरी कूस बदलली.
दिग्दर्शकाच्या हातावर काटा आला, त्यानं तो मला दाखवला.
श्रेयनामावलीत तिचं नाव घालायचं म्हटलं
तर निर्माता विचारतो, कोणत्या मथळ्याखाली?
मला सुचेना. सुचेना म्हणून राहून गेलं,
हे इथे लिहितो, कारण ते खरं आहे.

कुतायसीत सिनेमा लागला तेव्हा तिकीट मात्र पाठवलं.
ती भाचीला घेऊन गेली. मधल्या रांगेत बसली,
दिवे गेले, आणि सवयीनं
तिनं बटण टीवर सरकवलं.

नंतर भाचीकडून निरोप आला:
मावशी म्हणते, सिनेमा बरा होता.
प्रोजेक्टर आजारी आहे, त्यांना कळव.