तू झोपला असशील तर

शाळेचा शिपाई मी, किल्ल्या माझ्याकडं,
म्हणून वहीही माझ्याकडंच आली.
रकाने आखले: नाव, गल्ली, माणसं किती.
पंचगंगा तेव्हा घाट सोडून
जामदार क्लबाच्या पुढं आली होती,
आणि लोक येत होते
गाद्या, पोपटाचा पिंजरा, एकाच पायातलं पायताण घेऊन.

त्यात हा.
सहा फुटी, गुडघ्याला पट्टी, काखेत फुटबॉल,
खालच्या तालमीनं हंगामापुरता आणलेला.
नाव?
तावांडा.
अर्थ काय रे, मी उगाच विचारलं.
मोडक्या हिंदीत म्हणाला, आम्ही पुष्कळ झालो.
माणसं किती, या रकान्यात
मी 'एक' लिहिलं
आणि पेन तिथंच थोडं घुटमळलं.

हॉलमध्ये दोन तालमींची दोन टोकं.
खालची फळ्याकडं, वरची खिडकीकडं,
मध्ये कुणी न आखलेली रेघ,
मागच्या फायनलच्या दगडफेकीची.
आक्काताई आवळे व्हरांड्यातच बसलेली.
तिला कुणी बाहेर ठेवलं नव्हतं,
आत ये असंही कुणी म्हटलं नव्हतं.
मांडीवर नवऱ्याची हलगी,
कातडं भिजल्या भाकरीगत सैल.

पहाटे तावांडा उठून विचारत फिरला,
झोपलात? झोपलात?
बंडा चौगुले करवादला, तू झोपलास न्हवं?
"तू झोपला असशील तर मी झोपलो."
बंडाला वाटलं थट्टा, उठलाच अंगावर.
मग कळलं, झिंबाब्वेत, त्याच्या गावाकडं
सकाळचा रामराम असाच करतात.
आपली झोप आपण एकट्यानं मोजायची नसते.
बंडा गप्प. मग म्हणाला,
मी न्हाई झोपलो.
"मग मीपण नाही."
"लेका, घोरत हुतास की!"
तीन दिवसांत पहिल्यांदा
दोन्ही टोकं एकदम हसली.

दुपारी दुधाचे कॅन, तांदळाची पोती घेऊन
ट्रॅक्टर कोपऱ्यापर्यंतच आला.
पुढं छातीभर पाणी, ओढ अशी
की पाय उचलला की गेला.
साखळी केली, पण जो तो आपल्या ओढीनं,
दोन पोती नदीनंच नेली.
तावांडा व्हरांड्यात गेला, हलगीकडं हात केला.
"शेकावी लागती ती," आक्काताई म्हणाली,
"आन् तुमच्या चुलीवर भात हाय."
वाळकी लाकडं चारच उरलेली.
कुणीतरी पुटपुटलं, पोट आधी.
इलाही मुजावरनं फडक्यानं धरून
तीनशे माणसांचं पातेलं खाली घेतलं.
"भात थांबंल पाच मिनिटं. ये मावशे, आत ये."
ती आली. रेघेवरूनच आली,
तिला रेघ माहीतच नव्हती, किंवा चांगली माहीत होती.
कातडं तापलं, ताणलं,
बोटानं टिचकी मारून तिनं कान लावला.

कुस्तीच्या मैदानात वाजायची तीच चाल,
पण संथ, पाण्याच्या मापानं.
धरताना एक, देताना एक.
वरचा, खालचा, वरचा, खालचा,
हात मिसळले ते ठरवून नाही,
ठेका चुकला तर पोतं जाणार होतं म्हणून.
तावांडा मधोमध, खोल जागी,
त्याच्या भाषेत काहीतरी ओरडायचा,
आणि पोरं न समजता तेच ओरडायची.
एकही पोतं गेलं नाही.
भात थोडा लागला खालून.
सगळ्यांनी खाल्ला.

पाणी उतरलं. गाळ उरला. भांडणंही उरली,
खोटं कशाला सांगू.
मात्र आक्काताईची हलगी आता
तालमीत खुंटीला असते, तिच्याच हुकमानं,
ऐन पावसाळ्यात रोज शेकली जाते.

पुढच्या हंगामात तावांडाला वरच्या तालमीनं नेलं.
मी खालचा. शाहू स्टेडियमात त्यानं
शेवटच्या मिनिटाला आमच्यावरच गोल केला.
मीही दिल्या शिव्या, त्याच्या सात पिढ्यांना.
रात्रभर कूस बदलत होतो.
सकाळी फोन.
"झोपलास?"
मी चिडूनच म्हणालो,
तू झोपला असशील तर.
पलीकडं थोडा वेळ काहीच नाही.
मग तो म्हणाला,
"गुडघा लई दुखतोय रे."
मी चपला घातल्या.