छत्रीतली दुपार

महालाच्या मागे, नाग नदीच्या वासाच्या अलीकडे
एक छत्री आहे. कुठल्या यादीत नाही.
किल्ली निमजेकडे असते,
पण दाराला कडीच उरलेली नाही, म्हणून किल्लीनं
तो कान कोरतो.

चुना खरवडला की अक्षरं लागतात:
शके अमुक, श्रावण वद्य, महाराज कैलासवासी झाले.
कसे झाले, ते दगडावर नाही.
दगडाचे पैसे ज्यानं मोजले
त्यानंच त्या रात्री पहारा बदलला होता.

हे निमजे सांगतो. त्याला त्याच्या आज्यानं सांगितलं,
आज्याला कोणी, ते विचारू नये.
"झोपेतच आवळला ना बाप्पा गळा.
जागा असता तर वाघ होता तो."
मग जरा थांबून,
"म्हणतात असं. मी का पाहाले गेल्तो?"

जोत्याभोवती दगडी दोरखंडाची नक्षी.
चारी बाजू फिरून ती पूर्वेला येते
आणि टोकाला टोक भिडायच्या आत थांबते.
वीतभर जागा कोरी.
कारागीर आजारी पडला असेल. मजुरी अडली असेल.
किंवा त्यानं मनाशी एवढंच ठरवलं असेल
की ही गाठ आपल्या हातून बसायची नाही.

मे महिना. सत्तेचाळीस.
डांबर चपला धरून ठेवतं.
साडेबारापासून एकेक जण येतो:
धकाते, ऑटो लिंबाखाली लावून;
कूलरच्या ताट्या भरणारा इस्राईल,
वाळ्याची मोळी उशाला घेऊन;
शेवंता बोकडे, तीन घरची भांडी झाली, दोन बाकी.
घुमटाखाली पादुकांचा नुसता खळगा राहिलाय,
त्यात कोणी पाय ठेवत नाही,
डोकं ठेवतात. तिथला दगड गार असतो.

एकदा ऑफिसातले साहेब आले, कागद घेऊन.
बुटाच्या टोकानं धकातेला ढोसलं, "ए, ऊठ."
निमजेचा आवाज कधी चढत नाही.
तेव्हाही चढला नाही. फक्त मध्ये येऊन म्हणाला,
"इथं नाही, साहेब.
झोपलेल्या माणसाले इथं कोणी हात नाही लावत."
साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं.
कबुतरं उडाली, परत तिथंच बसली.

मी मोजमापं घ्यायला गेले होते.
अर्धा टेप उघडा ठेवून
खांबाला टेकले, एवढं आठवतं.
जाग आली तेव्हा ऊन जोत्यावरून उतरलं होतं,
गळ्याशी बांधलेला दुपट्टा
झोपेत मीच कधीतरी सैल केला होता.

पूर्वेला, त्या कोऱ्या वीतभर जागेपाशी
निमजे बसला होता.
आमच्याकडे पाठ, रस्त्याकडे तोंड,
काठी मांडीवर आडवी.

त्याची ड्यूटी दोनला संपते.
सव्वाचार झाले होते.