सातवं पोतं

आदगोंडा मास्तर,
तुमचं नाव मी त्या दिवशी घेतलं नाही.
पुण्यात, शाल खांद्यावर पडताना
माइकवाल्या मुलीनं विचारलं, गुरू कोण?
आणि मी एक वजनदार नाव सांगितलं,
टाळ्या येतील असं.
आल्या.

निपाणीत तेव्हा भर दुपारीही माणसं शिंकत चालायची.
आई वखारीत तंबाखू चाळायची,
पदर नाकाला घट्ट, उघडे फक्त डोळे,
आणि तुम्ही काट्यापाशी उभे:
मोजायचात कानडीत, लिहायचात मराठीत.
ओंदु. एरडु. मूरु.
हमालाच्या पाठीवरून पोतं खाली टेकलं
की मगच आकडा.
अधांतरी पोतं तुम्ही कधी मोजलं नाहीत.

रात्री तालमीला तेच तुम्ही,
हातात बॅटरी, मांडीवर वही,
मंडळाच्या नाटकाचे प्रॉम्प्टर.
दिवस मावळायच्या आत जेवून यायचात,
मग पहाटेपर्यंत पाण्याचा घोटही नाही.
आम्ही कागदातलं भडंग खायचो,
तुम्ही वहीतल्या ओळीवर बोट ठेवून बसायचात,
जणू नजर हलली तर ती उठून जाईल.

यमगर्णीची जत्रा. तिसरा अंक.
नवऱ्याचं पत्र माझ्या हातात,
आणि वाक्य गेलं.
विहिरीत कळशी सुटावी तसं,
दोर हातात, खाली काहीच नाही.
मी विंगेकडे बघितलं.
तुम्ही बॅटरी विझवलीत.

मनातल्या मनात शिवी दिली मी तुम्हाला. खरं सांगते.
समोर गावच्या गाव बसलेलं,
कुठंतरी पोर रडतंय, जनरेटर घरघरतोय,
आणि अंधारातून, नुसत्या श्वासावर,
ओंदु... एरडु...
मूरुला पोर गप्प झालं.
नाल्कुला पुढच्या म्हातारीनं
तोंडाशी नेलेलं पान तसंच धरलं.
ऐदु.
आरु.
सातव्याला वाक्य माझ्या पाठीवरून उतरलं
आपल्या वजनानं.

नंतर, तोंडाचा रंग पुसत होते तर म्हणालात,
"वाक्य हुतं की गं माझ्यापाशी.
पण ते वहीतलं हुतं."

दुसऱ्या दिवशी काट्यावर आईला सांगितलंत,
पोरीला वखारीत आणू नका, घसा जाईल तिचा.
आईनं नाकावरचा पदर काढला नाही,
हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.
पण सोमवारी एकटीच गेली कामाला.

आता पेपरात लिहून येतं
माझ्या थांबण्याविषयी.
एकानं तर दोन रकाने लिहिले: दोन वाक्यांमधली जागा,
तिथली कुठली कुठली वेदना.
त्यांना कुणी सांगावं
की मराठी नाटकातली ती शांतता
कानडीत आहे,
आणि तिला तंबाखूचा वास येतो.

माघात अक्कोळला आले.
तुमचं अर्धं अंग खाटेवर, उरलेलं अर्धं
शब्द शोधत.
सूनबाई भराभरा पुरवत होत्या:
पाणी हवंय? उशी? पंखा लावू?
चांगल्या आहेत हो त्या. कुणालाही घाई होईल.
मी म्हटलं, वहिनी, जरा थांबा.

मोजायला लागले.
ऐदु. आरु.
सातव्याला काही आलं नाही.
एंटु, ओंबत्तु, भिंतीवरची पाल हलली,
हत्तु,
तुमच्या ओठाचा चांगला कोपरा थरथरला,
आणि हन्नोंदूला, स्वच्छ,
शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं,
"च्या."
मग डावं बोट माझ्याकडे.
"हिला."

बशीत ओतून प्याले.
साखर जास्त होती.
तुम्हीही घेतलात, चमच्यानं, दोन घोट.
दिवस मावळायचा होता अजून.