हिरवी प्रत

सात प्रती असतात.
पांढरी, पिवळी, गुलाबी, नारिंगी,
हिरवी, निळी, करडी.
ऑफिसात नवीन मुलगी आली की
पहिल्या दिवशी हे पाढ्यासारखं पाठ करून घेते मी.

माल निघाला की पांढरी आमच्याकडे येते.
माल म्हणायचं नसतं, घातक कचरा म्हणायचं,
पण सगळेच माल म्हणतात, मीही.
माल पोचला की हिरवी येते.
माझं काम एवढंच, पांढरीला हिरवी लावायची,
टाचणी मारायची, फाइल बांधायची.
अठरा वर्षं झाली.

आता सगळं कॉम्प्युटरवर आलंय.
आलंय, तरी गठ्ठे येतात
आणि गठ्ठ्याला वास असतो.

नऊ मार्चची एक पांढरी
दोन महिने एकटीच पडून आहे.
रबाळ्यातला रंगाचा कारखाना.
नऊ टन गाळ, पिंपांत.
रंग काळपट. अवस्था अर्धवट पातळ.
रबाळ्याहून तळोज्याला ट्रकला दीड तास पुरतो,
कळंबोलीला अडकला तरी.
दोन महिन्यांत तो गाळ
स्वतःच्या पायांनी पोचला असता.

कारखाना म्हणाला, पाठवलाय.
तळोजा म्हणालं, आलेला नाही.
वाहतूकदार म्हणाला, मॅडम, पंक्चर झालं होतं.
साहेब म्हणाले, स्मरणपत्र पाठवा.
पाठवलं.
स्मरणपत्राचीही प्रत असते, ती फाइलला लावली.

तारीख मात्र माझ्या ओळखीची.
दहा मार्चला पहाटे
गोठीवलीत आमच्या मागचा नाला जांभळा वाहत होता
आणि खाडीच्या तोंडाशी निवट्या
चिखलावर पोट उलटं करून पडल्या होत्या.
भोईरांच्या पोराने मोजायला घेतल्या,
दोनशेच्या पुढे सोडून दिलं.
आईने नाल्याकडची खिडकी लावून घेतली
आणि मेथी निवडायला बसली.

पांढरीवर चालकाची सही असते, खालून तिसरा रकाना.
तो कुणी वाचत नाही. मीही वाचत नसे.
त्या दिवशी वाचला.
हिराजी.
ह ची शेपटी लांब, ज चा दांडा
ओळीखाली घसरलेला.
ही सही मी शिकवलीय.
काकाचा मुलगा, चौथीत शाळा सुटलेली,
लायसन्स काढताना अंगठा लावायला नको
म्हणून दोन रात्री
जुन्या पंचांगाच्या कोऱ्या पानांवर गिरवून घेतली होती.

हळदीच्या मांडवात भेटला.
डाव्या हाताने जेवत होता.
उजव्याची सालं निघत होती, कांद्यासारखी.
कुठे ओतलंस रे?
"अंधार होता गो.
शेठ बोलला, तलोज्याला जायाचा नाय,
दीड हजार जास्ती.
खालती पानी वाजत होतं."
मग भात कालवत म्हणाला,
"कागूद कोन वाचतंय गो ताये?"
मी वाचते, हिराजी.
तो हसला. थोड्या वेळाने हसू उतरलं.
बँजोवाल्यांनी आवाज वाढवला.

सोमवारी ऑफिसला निघाले तेव्हा नाला हिरवा होता.
मी वाट बघत होते ती ही हिरवी नव्हे.

नोटिशीत तीन नावं जातील.
कारखान्याकडे वकील आहे.
वाहतूकदाराकडे मेव्हण्याच्या नावाची दुसरी कंपनी आहे.
हिराजीकडे सही आहे,
ती मी दिलेली.

कारखान्याचं नाव पहिलं लिहिलं, पूर्ण पत्त्यासकट.
वाहतूकदाराचं दुसरं, मेव्हण्याच्या नावासकट,
साहेब खोडतील तर खोडू देत.
मग पेन ठेवून पाणी प्यायले.
बाटलीचं झाकण पुन्हा लावलं.

हिराजी मढवी, वय चौतीस, चालक.
शेऱ्यात लिहिलं,
उजव्या तळव्याची कातडी गेलेली,
दवाखान्यात तपासणी व्हावी.
आणि पुढे? आरोपी की साक्षीदार,
हे विचारणारा रकाना फॉर्मवर नाहीच.

ड्रॉवरमधून फूटपट्टी काढली.
समासात जागा कमी होती,
तरी आखला.